गुडघ्यावरचा हात

मुरलीधरशेठनी ती मूर्ती घेतली तेव्हा तिला दोन्ही हातांचे पंजे नव्हते. शारजात जमाल नावाच्या सीरियन व्यापाऱ्याच्या गोडाउनमध्ये ती ब्लँकेटात गुंडाळून पडली होती. चिनी, लाकडी, माणसाएवढी. चीनच्या शान्सी भागातल्या कुठल्याशा बौद्ध देवळातली, आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची, असं जमाल सांगायचा. एक पाय खाली सोडलेला, दुसरा आसनावर उचलून घेतलेला, बसणं एकदम ऐसपैस. डोळे अर्धे मिटलेले. उजवा हात उचललेल्या गुडघ्यावर टेकलेला, पण मनगटापाशी संपलेला. डावाही तसाच.

शेठच्या दुबईतल्या, जुमेरा भागातल्या नव्या व्हिलाचं इंटिरियर सोमनाथ आरगकरकडे होतं. साल अठ्ठ्याण्णव. सोमनाथची स्वतःची छोटी कंपनी होती, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात सुतारकामाचं वर्कशॉप होतं आणि राहायला दुबईच्याच करामा भागात फ्लॅट. शेठ म्हणाले, हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर ही बसवायची, पण अशी थोटी नको. लोक म्हणतील, शेठच्या गळ्यात कुणीतरी मोडका माल मारला. जमालने लंडनच्या एका कारागिराचं नाव सुचवलं, पण त्याला वर्षभर वेळ नव्हता. तेव्हा सोमनाथच्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील मूर्तिकार आहेत."

दुबईत आल्यापासून त्याने कुणासमोर वडिलांचा विषय काढला नव्हता.

वडील म्हणजे रामचंद्र धेंडे, घरातले आण्णा, मिरजेजवळच्या आरगचे. ते सिमेंटचे पुतळे करत. सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, वर सिमेंट. विहारांसाठी लहान मूर्ती लाकडातही कोरत. बुद्ध आणि बाबासाहेब, दोनच विषय. सांगली-सोलापूरकडच्या किती वस्त्यांमध्ये त्यांचे पुतळे उभे होते, त्याचा त्यांनाही अंदाज नव्हता. आणखी एक काम त्यांच्याकडे नेहमी यायचं, मोडलेले हात जोडण्याचं. एखाद्या गावात रात्रीत कुणीतरी बाबासाहेबांचं बोट उडवायचं, कधी अख्खा हात. सकाळी वस्ती रस्त्यावर, पोलिसांची गाडी, आणि दुपारपर्यंत कुणीतरी सायकलवरून आरगला रामचंद्रांना बोलवायला. सोमनाथ लहानपणी त्यांच्याबरोबर जायचा. पोलिसांच्या काठ्यांमध्ये बसून वडील बोट जोडत आणि आई, ठकुबाई, पाटीत सिमेंट कालवायची, ही त्याच्या लहानपणाची सगळ्यात पक्की आठवण होती. ती त्याला नको होती.

मुंबईत नोकरी करताना आडनाव सांगितल्यावर भाड्याच्या दोन खोल्या त्याच्या हातून गेल्या. दोन्ही वेळा 'कालच दिली हो' असं हसून सांगितलं होतं. मग त्याने रीतसर आडनाव बदललं आणि आरगकर होऊन दुबईत उतरला. इथल्या मराठी मंडळात तो पहिल्या वर्षापासून होता. गणपतीचं मखर दर वर्षी त्याच्याच वर्कशॉपमधून जायचं. घरी बुद्धाची तसबीर होती, ती बेडरूमच्या कपाटात. त्याची बायको मनाली पुण्याच्या बौद्ध घरातली. वैशाखी पौर्णिमेला ती कपाटाचं दार उघडून मेणबत्ती लावायची. बेडरूमचं दारही तेव्हा लावून घ्यायची.

वडील येणार म्हटल्यावर ती म्हणाली, "बोलवताय तर त्यांना त्यांच्यासारखं राहू द्या. नाहीतर बोलवू नका."

सोमनाथ म्हणाला, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.

आण्णा उतरले ते पांढरं धोतर, सदरा, आणि कापडी पिशवीत आपल्या पटाश्या घेऊन. कस्टमवाल्याने पिशवी उघडली तेव्हा सोमनाथला बाहेरून काचेतून ते दिसलं. म्हातारा एकेक पटाशी उचलून तिचा उपयोग त्या अरबाला हातवाऱ्यांनी समजावत होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मुलाने कामासाठी बोलावलं, याचा आनंद त्यांच्या चालण्यातच होता. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, मूर्ती कशी आहे, लाकूड कोणतं आहे, मूर्तिकार म्हणून माझं नाव तूच सुचवलंस का. हो म्हणाल्यावर बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बाहेर बघत राहिले.

मग सोमनाथने सांगायचं ते सांगितलं. फोनवर, चारचौघांत जयभीम म्हणू नका. नमस्कार म्हणा. आडनाव कुणी विचारणार नाही, विचारलंच तर मी बोलेन.

आण्णा म्हणाले, "हितं बी हायत व्हय ती?"

"कोण?"

"ज्यास्नी चालत न्हाई ती."

"सगळीकडे असतात, आण्णा."

"मग एवढ्या लांब कशाला आलास?" असं ते म्हणाले, पण रागाने नाही. घरी पोचल्यावर नात अस्मी पुढे आली आणि "हाय आजोबा" म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नमस्कार असा शब्द अगदी स्पष्ट उच्चारला. मनाली आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ब्लँकेट काढलं. आण्णांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, हा बुद्ध नव्हे. गळ्यात माळा, दंडावर वाक्या, डोक्यावर मुकुट. बुद्धाच्या अंगावर दागिना नसतो. दागिने त्याने सोडले तिथूनच तर सगळं सुरू झालं. जमाल त्या दिवशी मुद्दाम आला होता. धंद्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याने सांगितलं की हा बुद्ध नाहीच, बोधिसत्त्व आहे. तुमच्याकडे अवलोकितेश्वर म्हणतात ना, तोच चीनला गेला. तिथे त्याचं नाव 'जगाचं रडणं ऐकणारा' असं झालं, आणि ऐकता ऐकता लोकांनी पुढे त्याची बाईच केली. ही मूर्ती मधली आहे. धड पुरुष नाही, धड बाई नाही.

आण्णा सोमनाथकडे वळले. छप्पन साली नागपूरला गेलेल्या गाडीत ते होते. वीस वर्षांचे होते तेव्हा. कुठलाही अवतार मानणार नाही अशी शपथ त्यांनी तिथे घेतली होती आणि ती पाळली होती. हा तर सरळ सरळ देव झाला, म्हणाले, मला जमायचं नाही.

सोमनाथने समजूत घातली नाही. त्याने फक्त सांगितलं की निदान साफसफाई तरी करून द्या, हाताचं बघू. त्याला वडील ठाऊक होते. हातात काम आलं की ते सोडवत नसे.

मूर्तीवर रंगाचे थर होते. दर शंभर-दीडशे वर्षांनी कुणीतरी पुन्हा रंगवलेली. मुकुट तर नुसता काळ्या राळेचा गोळा झाला होता. आण्णा कापसाच्या बोळ्याने, बांबूच्या काडीने तो उकलत बसले. पाकिस्तानी सुतार अहमद दुपारी त्यांना चहा नेऊन द्यायचा. तो एकदा सोमनाथला बोलवायलाच आला, चाचा रो रहे हैं म्हणाला. सोमनाथ धावत गेला. आण्णा रडत नव्हते, पण डोळे ओले होते. मुकुटाच्या मधोमध, काळ्याच्या आतून, अंगठ्याएवढा बुद्ध निघाला होता. पद्मासनात, हात मांडीत, अंगावर एक दागिना नाही.

"डोईवर घेतलाय त्यानं," आण्णा म्हणाले. "एवढं नटूनथटून बी बुद्धाला डोईवर घेतलाय."

त्या दिवसापासून ते मूर्तीच्या हातांच्या कामाला लागले.

पाठीमागे एक फळी होती, ती काढल्यावर मूर्ती आतून पोकळ निघाली. जमालने सांगितलं होतं की देवळात मूर्ती बसवताना तिच्या पोटात पोथी ठेवायचे, रेशमाची आतडी, रेशमाचं काळीज करून ठेवायचे. म्हणजे ती जिवंत व्हायची. आता आत काहीच नव्हतं. आण्णांनी विचारलं, ते सगळं कुठे गेलं. जमाल म्हणाला, चाचा, चोर पहिलं पोटच रिकामं करतो, ते वेगळं विकलं जातं.

मनगटांचा काप सोमनाथने पहिल्याच दिवशी पाहिला होता. बाकीचं लाकूड काळं पडलेलं आणि कापलेला भाग पिवळा, करवतीच्या दात्यांच्या खुणा ताज्या. हात काळाने झिजून गेले नव्हते. दोन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी कापले होते, कदाचित पेटीत मावावी म्हणून. तो गप्प राहिला होता. आण्णांनाही ते दिसलंच. ते संध्याकाळी परत येताना गाडीत म्हणाले, "त्या गावानं शोधली असंल रं हिला."

"चीन आहे आण्णा ते. कुठलं गाव, कुणाला माहीत."

"आपल्याला नसंल. गावाला माहीत असतंय की."

सोमनाथने रेडिओ लावला.

हात काही केल्या जमेना. जमालने एका जुन्या चिनी कपाटाची मऊ फळी दिली होती, लाकूड बरं होतं. तंत्राचाही प्रश्न नव्हता. आत सळी नाहीतर खुंटी घालून हात जोडण्यात आण्णांचं आयुष्य गेलं होतं. अडलं ते वेगळंच. गुडघ्यावरून लोंबणारा, काहीही न करणारा, निवांत हात. त्यांनी एक कोरला, तो मेलेल्या माणसाचा झाला. दुसरा दमलेल्या मजुराचा झाला. अहमदला स्टुलावर बसवून गुडघ्यावर हात टाकायला सांगितलं, तर तो फोटोला बसल्यासारखा ताठ. एकदा जेवताना आण्णा मनालीला म्हणाले, "मी जन्मभर बोट दावणारा हात केला बघ. न्हाईतर मांडीत ठेवलेला. असला मोकळा हात आपल्यात मी कुणाचा बघितलाच न्हाई."

शुक्रवारी जेवून सोमनाथ हॉलमध्ये सोफ्यावर आडवा झाला होता. एसी चालू होता, अस्मी तिच्या खोलीत. त्याला जाग आली ती कागदावर पेन्सिल घासल्याच्या आवाजाने. आण्णा समोर जमिनीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी काढत होते. सोमनाथचा एक गुडघा वर होता आणि त्यावरून हात खाली सुटलेला.

"हलू नगंस," आण्णा म्हणाले.

तो हलला नाही. आण्णा हळूहळू बोलत होते आणि काढत होते. म्हणाले, तुझा हात तुझ्या आईवर गेलाय. बोटं तशीच लांब. पण तिची सिमेंटनं फुटलेली असायची, रात्री खोबरेल लावून बसायची. तुझी कशी मऊ राहिली. चांगलं झालं. मग पुन्हा म्हणाले, चांगलं झालं. छताकडे बघत तो पडून राहिला. मनाली चहा घेऊन आली ती दारातच थांबली आणि चहा गार होईस्तोवर तशीच उभी राहिली.

त्यावरून कोरलेला हात मूर्तीला बसला. अंगठा किंचित आत, करंगळी जराशी दूर, मनगटातून सैल सुटलेला. डावा त्याच्या मागोमाग सहज झाला. आण्णांनी रंग असा बसवला की जोड बोटाने चाचपूनही कळेना. जमाल आला, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला, मग सोमनाथला बाहेर घेऊन गेला. हे हात नवीन आहेत हे कुणालाही सांगायचं नाही, म्हणाला. खलास. शेठनीही फोनवर तेच सांगितलं, पण हसत हसत. सोमनाथने आण्णांना सांगितलं की कुणी विचारलंच तर फक्त साफ केली म्हणा. आण्णा म्हणाले, मला कोण विचारायला बसलंय.

व्हिलाच्या वास्तूला शेठनी मंडळातली सगळी मोठी माणसं बोलावली होती. मूर्ती हॉलमध्ये उंचावर बसवली होती, वरून पिवळा दिवा सोडलेला. सोमनाथ, मनाली आणि आण्णा पोचले तेव्हा सत्यनारायण आटोपला होता. आण्णांनी नवा कोट घातला होता, सोमनाथनेच घेतलेला. शेठ पाहुण्यांना सांगत होते की बघा, हजार वर्षांपूर्वीचे हात, नखंसुद्धा शाबूत. आण्णा ते ऐकत होते आणि त्यांना त्यात गंमत वाटत होती. त्यांनी मनालीकडे बघून भुवई उडवली.

मग त्यांनी मूर्तीच्या कपाळाकडे पाहिलं. शेठच्या पत्नीने, स्मितावहिनींनी, पूजेच्या वेळी मूर्तीलाही ओलं कुंकू लावलं होतं, पायाशी तांदूळ वाहिले होते. एका पाहुणीला त्या सांगत होत्या की ही तिकडची लक्ष्मीच. कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत आला होता.

आण्णा पुढे झाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी एका हाताने मूर्तीची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने कुंकू टिपायला लागले, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसे.

"अहो काका, अहो, पूजा झालीये तिची," स्मितावहिनी म्हणाल्या.

"जुना रंग हाय बाई. डाग पडंल."

सोमनाथच्या जिवात जीव आला. कारण बरोबर होतं. स्मितावहिनींनाही ते पटल्यासारखं दिसलं. त्या हसल्या, आण्णांच्या हातात त्यांनी प्रसादाची वाटी दिली आणि सहज चौकशी करावी तशी विचारलं, "काका, तुम्ही कुठले? यांचं आजोळ पण तुमच्याच बाजूचं."

"आरगचा," आण्णा म्हणाले. "तिथल्या..."

"आम्ही पांचाळ," सोमनाथ मध्येच म्हणाला. "मूळ सुतारकी आमची. मूर्तिकाम पिढ्यान्‌पिढ्या. आजोबा तर देवळाचे रथ करायचे."

हे रथ कुठून आले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बोलायला लागला आणि ते आले. स्मितावहिनी म्हणाल्या, तरीच हातात कला आहे. आण्णांनी मुलाकडे पाहिलं. मग प्रसादाची वाटी जवळच्या टेबलावर ठेवली, रुमालाची घडी केली, कुंकवाची बाजू आत घेऊन, आणि रुमाल खिशात टाकला. उरलेला वेळ ते बाहेर पोर्चमध्ये ड्रायव्हर लोकांबरोबर उभे होते.

घरी आल्यावर आण्णांनी कोट काढून खुर्चीवर नीट घातला आणि उभ्या उभ्याच बोलले.

"पांचाळ लोक चांगली असत्यात. मिरजंत माझा दोस्त हाय पांचाळ, पटाशीला धार लावायला त्यानंच शिकवलं मला. पण माझा बाप पांचाळ न्हवता सोमा. माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. तेवढं एकच काम गावानं त्याला दिलं, ते त्यानं केलं, आणि पोराला करू दिलं न्हाई. त्याला तू आज रथ करायला लावलंस."

सोमनाथ म्हणाला, आण्णा, इथे धंदा करायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गावात बसून बोलता. माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. पोरगी इथल्या शाळेत जाते. तुमच्या पुतळ्यांची बोटं कोण उडवायचं, ते विसरलात का? मी तीच माणसं टाळतोय.

"टाळत न्हाईस. त्यांच्यात बसतोयस," आण्णा म्हणाले. "मला घरी धाड."

व्हिसा अजून महिनाभर होता. त्याच आठवड्यात ते गेले. विमानतळावर मनाली पाया पडली तेव्हा त्यांनी तिला उठवलं आणि मोठ्याने, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, जयभीम म्हणाले. तिनेही म्हटलं. सोमनाथ ट्रॉली परत ठेवायला गेला होता. म्हणजे, तो नेमका तेव्हाच गेला.

काही दिवसांनी शेठनी त्याला ऑफिसात बोलावलं. अल ऐन रोडकडे त्यांच्या मेहुण्याचा व्हिला व्हायचा होता, त्याचे नकाशे टेबलावर पसरले होते. चहा आला. शेठनी विचारलं, वडील गेले का. हो म्हटल्यावर म्हणाले, माणूस चांगला होता, हातात जादू होती.

मग चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "तू उगाच ते पांचाळबिंचाळ सांगत बसलास त्या दिवशी."

सोमनाथने नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"माझ्या आईचं माहेर बेडग. आरगच्या शेजारचं. आरगातली जुनी घरं आरगकर लावत नाहीत रे. आडनाव बदलून गावाचं नाव कोण लावतं, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मला तू पहिल्यांदा भेटलास तेव्हापासून माहीत आहे. मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे." त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता. "आपण कधी काही दाखवलं का तुला? बिझनेसमध्ये आपण हे बघत नाही. तू काम चांगलं करतोस, खलास."

बाहेर कुणाचा तरी फॅक्स यायला लागला, त्याचा आवाज संपेपर्यंत शेठ थांबले.

"स्मिता जरा जुन्या वळणाची. तुझ्या वडिलांनी मूर्तीला हात लावला ना, पूजा झाल्यावर. दुसऱ्या दिवशी तिने भटजींना बोलावून थोडं गोमूत्र वगैरे शिंपडून घेतलं. तिच्या समाधानासाठी. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मनाला लावून घेऊ नकोस."

सोमनाथच्या डोळ्यांसमोर तो मुकुट आला आणि त्यातला अंगठ्याएवढा बुद्ध. त्याच्यावरही पडलं असणार. त्याला वाटलं, आपण उठतोय, खुर्ची मागे सरकतेय, आपण काहीतरी बोलतोय. प्रत्यक्षात तो बसूनच होता आणि त्याचा चहा संपत आला होता.

"हे नकाशे घरी नेऊ का?" त्याने विचारलं.

"ने ना. तुझंच काम आहे."

त्याने ते गुंडाळी करून नेले. शेठ जे बोलले, ते त्याने मनालीला सांगितलं नाही. पण तिने आण्णा गेल्यावर आपण होऊनच कपाटातली तसबीर काढली आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली. त्याने काढ म्हटलं नाही. नंतरच्या महिन्यात मंडळाची मीटिंग त्याच्याच घरी होती. पंधरा-वीस माणसं आली. सगळ्यांना तसबीर दिसली. कुणी काही बोललं नाही, कुणी दचकलंही नाही. गणपतीच्या मखराची चर्चा झाली, मग एकाने कांदेपोहे छान झालेत म्हणून मनालीला सांगितलं. सोमनाथ प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांच्या डोळ्यांत त्याला नवं असं काही दिसेना. इतकी वर्षं ते याच डोळ्यांनी बघत होते. त्यालाच ते ओळखू आलं नव्हतं.

आरगला तो रविवारी फोन करायचा. शेजारच्या घरी फोन होता. आण्णा यायचे, अस्मीची चौकशी करायचे, पाऊसपाणी सांगायचे. दुबईचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. एकदा सोमनाथने सगळी हिंमत गोळा करून आण्णा, माझं चुकलं, असं म्हणायला सुरुवात केली, तर पलीकडून ते म्हणाले, "आवाज तुटाय लागलाय बघ," आणि फोन ठेवला. लाइन स्वच्छ होती.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत ते गेले. एका वाडीत पुतळ्याच्या पायाचं काम चालू असताना बसल्या जागी. सोमनाथ पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. आसपासच्या गावांतली माणसं आली होती, ज्यांच्या वस्तीत त्यांचे पुतळे होते अशी. भंतेजींनी वंदना घेतली. सोमनाथला पाली नीट आठवेना, तो ओठ हलवत राहिला. मग एकेक जण उठून बोलला. कुणी सांगितलं की दंगलीच्या दिवसांत ते रात्री चालत आमच्याकडे आले. कुणी सांगितलं की आमच्याकडून त्यांनी फक्त सिमेंटचा खर्च घेतला.

शेवटी मुलाने दोन शब्द बोलावेत असं ठरलं. सोमनाथ उठला, थोडंसं बोलला. आई-वडिलांच्या कष्टांबद्दल, शिक्षणाबद्दल. तो बसायला लागला तेवढ्यात पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने, आण्णांबरोबर नागपूरला गेलेल्यांपैकी तो होता, हात वर केला.

"आमाला येक सांग बाबा. रामा दुबईला आला हुता तुझ्याकडं. परत आल्यावर कितींदा इचारलं, काय केलंस तिकडं, तर सांगायचाच न्हाई. नुस्ता हसायचा. काय केलं त्यानं तिकडं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सांगण्यासारखं खूप होतं, आणि या माणसांना ते कळलं असतं. त्या मुकुटातला बुद्ध कळला असता. त्याच्या तोंडात ते आलंही. पण मग पुढचं विचारलं गेलं असतं, की ती मूर्ती आता कुठे आहे, कुणाकडे आहे, आणि तिथे तू काय म्हणून राहतोस.

"काही नाही," सोमनाथ म्हणाला. "आराम केला."

म्हातारा खूश झाला. आजूबाजूच्यांकडे वळून त्याने ते पुन्हा सांगितलं, मागे ऐकू गेलं नसेल म्हणून. पोराकडे जाऊन आराम केला म्हणतोय. बरं झालं बाबा, जन्मात एकदा तरी केला. मागून दोन-तीन बायकांनी होय होय म्हटलं. मग पत्रावळी मांडायला सुरुवात झाली आणि सोमनाथ वाढायला उठला, पण कुणीतरी त्याच्या हातातली बादली काढून घेतली, तुम्ही दुबईवाले पाहुणे, तुम्ही बसा म्हणून.